कूपनं छापण्याआधी

वाचकाचं पत्र: "मी एका मोठ्या हायस्कूलमध्ये उपमुख्याध्यापिका आहे. उशिरा येणं, तासाला दांडी, वर्गात मोबाइल, उलट उत्तरं आणि अधूनमधून मारामारी अशा तक्रारी दर वर्षी वाढताहेत. पुढच्या सत्रापासून 'पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट', म्हणजे नुसत्या शिक्षेऐवजी चांगलं वागणं शिकवून आणि त्याची दखल घेऊन शिस्त आणायची पद्धत, सुरू करायची असं वरून ठरलं आणि जबाबदारी माझ्यावर आली. आम्ही एक छोटा प्रयोग करून पाहिला. चांगलं वागणाऱ्याला कूपन आणि दहा कूपनांवर बक्षीस. आमच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी त्याची थट्टा केली. दोन आठवड्यांत कूपनांच्या झेरॉक्स निघाल्या आणि काही जण त्या विकायला लागले. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक ज्येष्ठ सर म्हणतात, 'वेळेवर येणं हे कर्तव्यच आहे, त्याचं बक्षीस कशाला?' एक मॅडम विचारतात, 'म्हणजे आता शिक्षा करायचीच नाही का?' मला दोघांचंही पटतं आणि योजनेतही तथ्य आहे असं वाटतं. सुरुवात कुठून करू? आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याला गणिताच्या तासाला आठवड्यातून दोन-तीनदा वर्गाबाहेर काढलं जातं. त्याच्यासारख्यांसाठी यात काही आहे का? आणि पालकांना काय सांगू?"

मॅडम,

झेरॉक्स काढणाऱ्या मुलांवर रागावू नका. तुमच्या योजनेची त्यांनी दोन आठवड्यांत परीक्षा घेतली आणि ती कुठे नापास झाली तेही दाखवून दिलं. चांगल्या वागण्याला भाव लावला की त्याचा बाजार भरणारच.

मात्र त्यावरून 'हे मोठ्या मुलांत चालत नाही' असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणत असेल तर त्यांना जरा थांबवा. तुम्ही करून पाहिलंत तो या पद्धतीतला सगळ्यात ठळक दिसणारा आणि हायस्कूलमध्ये सगळ्यात कमी गरजेचा तुकडा होता. मूळ विचार वेगळा आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींना वेदना आणि अपमान देणाऱ्या उपायांनी 'वळण' लावलं जाई. त्याला पर्याय शोधणाऱ्यांकडून हा विचार पुढे आला. एखादं वागणं कशामुळे घडतं ते आधी पाहा, ते घडवणारी परिस्थिती बदला, आणि त्याऐवजी काय करायचं ते शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९७ साली तिथल्या अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही संज्ञा कायद्यात आली. ओरेगन विद्यापीठातले जॉर्ज सुगाई, रॉबर्ट हॉर्नर आणि त्यांचे सहकारी यांनी एकेका व्यक्तीसाठीचा हा विचार अख्ख्या शाळेला लावला. आज अमेरिकेतल्या २५,०००हून अधिक शाळांत तो कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

त्याची रचना सार्वजनिक आरोग्यातल्या प्रतिबंधाच्या कल्पनेवरून घेतलेली आहे. सगळ्यांसाठी काही गोष्टी, काहींसाठी थोडा जास्त आधार, अगदी थोड्यांसाठी स्वतंत्र आखणी. ढोबळ अंदाज ८०, १५ आणि ५ टक्क्यांचा सांगितला जातो. तुमच्या शाळेत तो तसाच निघेल असं धरून चालू नका. पहिल्या पातळीवरच ८० टक्के मुलं सांभाळली जात नसतील, तर दोष त्या पातळीच्या आखणीत शोधायचा असतो. एवढ्यापुरताच तो आकडा कामाचा.

तर माझा सल्ला असा, की पुढचं सत्र मुलांवर काहीही सुरू करू नका. ते सत्र शिक्षकांसाठी ठेवा. या योजनेत सर्वांत आधी वागणं बदलायचं असतं ते शिक्षकांचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून.

हायस्कूलमध्ये हे प्राथमिक शाळेपेक्षा अवघड का, याचा विचार करा. लहान मुलांचा दिवस बहुतेक एकाच शिक्षकापाशी जातो. तुमच्या मुलांचे दिवसात सहा-सात शिक्षक बदलतात. पहिल्या तासाला मोबाइल बाकावर असला तरी चालतो, दुसऱ्याला दप्तरात हवा, तिसऱ्याला दिसला की जप्त. एका तासाला पाच मिनिटं उशीर म्हणजे 'ये, बस', दुसऱ्याला दार बंद. मुलाच्या बाजूने पाहिलं तर शाळेचा नियम असा काही नसतोच, असतात ते माणसांचे स्वभाव. मुलं मग ते स्वभाव वाचायला शिकतात, आणि त्यात ती आपल्यापेक्षा हुशार असतात. शिक्षक स्वतःला आधी विषयाचे शिक्षक मानतात. वर्तन शिकवणं आपलं काम नव्हे, ते घरून किंवा खालच्या वर्गांतून शिकून यायला हवं होतं, असं त्यांना वाटतं. हे वाटणं चूक ठरवण्यात वेळ घालवू नका. 'तुमचे तासातले किती मिनिटं यात जातात?' एवढंच विचारा. एका मुलाला वर्गाबाहेर काढून कार्यालयात पाठवलं, की शिक्षकाची, मुलाची आणि तुमची मिळून किती मिनिटं गेली, हे आठवडाभर घड्याळ लावून पाहा. त्या आकड्यावर स्टाफरूममध्ये वाद होत नाही.

आता ज्येष्ठ सरांकडे येते. त्यांचा आक्षेप मला हलका वाटत नाही, आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता नंतर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनं समोर ठेवली तेव्हा पहिल्या गटातली मुलं इतरांच्या मानाने जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

यातून सरांचं म्हणणं अर्धं खरं ठरतं. 'हे केलंस तर ते मिळेल' असा करार आधी जाहीर केला, की ज्याला ते आपणहून करावंसं वाटत होतं त्याचंही मन उडू शकतं. तुमचं दहा कूपनांचं गणित नेमकं हेच होतं. पण घडून गेलेल्या चांगल्या गोष्टीची नंतर, अनपेक्षितपणे, नेमक्या शब्दांत दखल घेतली तर तो धोका जवळपास राहत नाही. सरांना एवढं विचारा, की वेळेवर येणं कर्तव्य आहे हे मान्य, पण तीस मुलं वेळेवर आली आणि दोन उशिरा आली, तर त्या तासाला त्यांचं पहिलं वाक्य कुणाला उद्देशून असतं? बहुतेक वर्गांत ते त्या दोघांना उद्देशून असतं. कर्तव्य करणाऱ्या तिसांच्या वाट्याला त्या तासात कुणाची नजरही येत नाही. सर शिस्तीचे भोक्ते असतील तर हा मुद्दा त्यांना इतरांआधी पटेल. माझं ऐकाल तर त्यांना योजनेच्या समितीत घ्या. पहिल्या बैठकीत विरोध करणारा माणूस समितीत असला, की समिती हवेत बोलत नाही.

समितीवरून आठवलं. ती सहा-आठ जणांची पुरे, पण त्यात वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक हवेत, समुपदेशक असेल तर तो हवा, आणि निर्णय घेऊ शकणारं एक माणूस हवंच. तुम्ही स्वतः प्रत्येक बैठकीला बसणार नसाल तर ही समिती महिनाभरात कागदावर उरेल. या क्षेत्रात अशी रीत आहे, की निदान ८० टक्के शिक्षक-कर्मचारी 'करून पाहू' म्हणेपर्यंत शाळाभर सुरुवात करायची नाही. मला ती पटते. पण ते ८० टक्के हात वर करून मोजू नका. मुख्याध्यापक समोर बसलेले असताना हात सगळेच वर करतात. निनावी चिठ्ठी घ्या, आणि तिच्यावर 'तुम्हाला नेमकी कसली भीती वाटते?' हाही प्रश्न ठेवा. उत्तरं वाचताना बहुधा तुमच्या लक्षात येईल की विरोध तत्त्वाचा कमी आणि थकव्याचा जास्त आहे. मागच्या चार योजना आल्या आणि गेल्या, ही पाचवी. म्हणून काहीतरी नवं आणायचं तर आधी काहीतरी काढून टाका. दोन नोंदवह्या एकत्र करता येतील, एखादी बैठक बंद करता येईल.

शिक्षेबद्दल विचारणाऱ्या मॅडमना स्पष्ट उत्तर द्या: शिक्षा राहणार आहे. मारामारी केली, कुणाला छळलं, काही धोकादायक आणलं, तर परिणाम व्हायलाच हवेत. पण नुसत्या कडक शिक्षेवर भिस्त ठेवून काय होतं तेही पाहून झालं आहे. अमेरिकेत कितीतरी शाळांनी 'शून्य सहनशीलता' नावाचं धोरण राबवलं, म्हणजे ठरावीक गुन्ह्याला ठरावीक कडक शिक्षा, परिस्थिती काहीही असो. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या कृतिदलाने २००८ साली त्याचा आढावा घेतला. त्यामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा किंवा मुलं सुधारल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. घरी पाठवलेला मुलगा परत येतो तेव्हा अभ्यासात आणखी मागे पडलेला असतो.

मॅडमच्या प्रश्नामागे खरी अडचण वेगळी असावी असं मला वाटतं. कोणती गोष्ट वर्गातच मिटवायची आणि कोणती कार्यालयात आणायची, हे बहुतेक शाळांत लिहिलेलंच नसतं. समितीचं पहिलं काम हे द्या. एक पान घ्या, दोन रकाने करा. डावीकडे शिक्षकाने वर्गात हाताळायचं वर्तन, उजवीकडे कार्यालयाने. प्रत्येकाची व्याख्या अशी लिहा, की दोन वेगवेगळ्या शिक्षकांनी एकच प्रसंग पाहिला तर दोघेही तो एकाच रकान्यात टाकतील. 'मोबाइल वापरला' हे सोपं. भांडण जुंपेल ते 'उद्धटपणा'वर. ते जुंपू द्या, तिथे घाई करू नका. ज्याची व्याख्या धूसर असते तिथेच अन्याय शिरतो. रसेल स्किबा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोऱ्या मुलांच्या तक्रारी धूम्रपान, मोडतोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या होत्या. काळ्या मुलांच्या तक्रारींत अनादर, फार आवाज असल्या, बघणाऱ्याच्या मतावर अवलंबून असलेल्या गोष्टी जास्त होत्या. प्रत्येक शाळेत कुठला ना कुठला गट असा असतो, ज्याचं साधं बोलणंही कुणाला तरी उद्धट वाटतं. तुमच्या शाळेत तो कोणता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

व्याख्या ठरल्या की एक महिना फक्त मोजा. अर्ध्या पानाचा तक्रारीचा कागद करा. कोण, काय, कुठे, किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर काय केलं. बहुतेक ठिकाणी नुसती खूण करायची, निबंध मागितलात तर कुणी भरणार नाही. महिन्याच्या शेवटी समितीने बसून पाहायचं, की शाळेच्या दर दिवशी सरासरी किती तक्रारी येतात, कसल्या, कोणत्या जागी, कोणत्या वेळी आणि किती मुलांच्या. 'महिन्यात किती' मोजू नका, कारण सुट्ट्यांचा महिना आपोआप गुणी दिसतो. असा हिशेब मांडला की तक्रारींचा मोठा भाग थोड्याच जागांवर, थोड्याच वेळांना आणि थोड्याच मुलांभोवती गोळा झालेला दिसतो.

समजा, तुमच्या तक्रारींचा ढीग मधल्या सुट्टीनंतरच्या दहा मिनिटांत आणि एकाच जिन्यापाशी निघाला. मग संपूर्ण शाळेला शिस्तीवर भाषण देऊन काय उपयोग? दोन इयत्तांच्या सुटण्यात पाच मिनिटांचं अंतर ठेवा, जिन्यावर दोन शिक्षक ठेवा. तेही खांबासारखे उभे नकोत. फिरत राहायचं, सगळीकडे नजर टाकायची, जाता-येता मुलांशी दोन शब्द बोलायचे. एवढंसं करून आकडा खाली आला, तर तो स्टाफरूमच्या फळ्यावर लिहा. योजनेवर विश्वास बसायला माझं पत्र उपयोगी पडणार नाही, तुमच्याच जिन्याचा आकडा पडेल.

आता मुलं. अपेक्षा तीन ते पाचच ठेवाव्यात, आणि 'अमुक करू नका' ऐवजी 'असं करा' या रूपात, एवढं बहुतेक मार्गदर्शिकांत असतं. ते ठीकच आहे. हायस्कूलची खरी मेख पुढे आहे. या अपेक्षा मुलांनी घडवलेल्या असायला हव्यात. त्यासाठी वर्गप्रतिनिधी आणि पहिल्या बाकावरची मुलं तर घ्याच, पण ज्यांची नावं तक्रारींच्या कागदावर सारखी येतात त्यांतली दोन-तीनही घ्या. झेरॉक्सवाल्यांपैकी एखादा मिळाला तर फारच छान. व्यवस्थेत भोक कुठे आहे हे त्याला कळतं. त्यांना कोरा तक्ता द्या, एका बाजूला वर्ग, वऱ्हांडा, प्रयोगशाळा, मैदान, स्वच्छतागृह आणि दुसऱ्या बाजूला अपेक्षा. 'आदर' म्हणजे प्रयोगशाळेत नेमकं काय, हे त्यांना त्यांच्या भाषेत लिहू द्या. आणि 'शिक्षकांनी आदर दाखवणं म्हणजे काय' हा रकानाही त्यांनी भरावा. तो भरू द्यायची तयारी नसेल तर मुलांना बोलावूच नका. नुसती सही घ्यायला बोलावल्याचं त्यांना पाच मिनिटांत समजतं.

ठरलेलं शिकवावं लागतं, आणि इथे मोठ्या वर्गांचे शिक्षक अडतात. सोळा वर्षांच्या मुलाला 'वऱ्हांड्यात कसं चालावं' शिकवायला उभं राहिलं तर तो हसणारच. त्याऐवजी त्याला ज्याची गरज पडणार आहे असं काही घ्या. न पटलेल्या गुणांबद्दल शिक्षकांशी कसं बोलायचं, गटातला एक जण काम करत नसेल तर त्याला कसं सांगायचं, रागाच्या भरात टाइप केलेला मेसेज पाठवण्याआधी काय करायचं. वरच्या वर्गांतल्या मुलांना खालच्या वर्गांना हे शिकवू द्या. आणि जोर हायस्कूलच्या सगळ्यात पहिल्या इयत्तेवर ठेवा. मोठ्या शाळेत नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांत इथली रीत कळते. ती तुम्ही शिकवली नाहीत तर मागच्या बाकावरून शिकवली जाते.

कूपनांच्या जागी काय ठेवायचं? आधी शब्द. 'शाब्बास, छान' याला मोठ्या मुलांच्या लेखी शून्य किंमत आहे. 'गटात तू त्या न बोलणाऱ्या मुलीला आधी विचारलंस, मी पाहिलं' याला आहे, आणि ते तिच्यासमोर किंवा वर्गासमोर नाही, तर तास संपल्यावर जाता जाता सांगितलं तर जास्त. या वयात चारचौघांतलं कौतुक अनेकांना शिक्षेसारखं वाटतं. एका टोकण्यामागे चार-पाच वेळा दखल घ्यावी असं प्रमाण सांगितलं जातं. त्या आकड्याला चिकटू नका, पण एखाद्या तासाला आपलं प्रमाण कुठे जातंय ते सहकाऱ्याकडून मोजून घ्या. बहुतेकांना तो आकडा आवडत नाही. शब्दांनंतर सवलती द्या, त्या शक्यतो सगळ्या वर्गाला किंवा इयत्तेला, आणि स्वातंत्र्याच्या रूपात. बसायची जागा निवडणं, कार्यक्रमाची आखणी स्वतः करणं, एखाद्या गृहपाठाची तारीख मुलांनी ठरवणं. हे झेरॉक्सही होत नाही आणि विकताही येत नाही.

एक फुकटची गोष्ट उद्यापासून करता येईल. तास सुरू होताना वर्गाच्या दारात उभं राहा, नावाने हाक मारा, आणि आज आल्या आल्या काय करायचं ते एका वाक्यात सांगा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माध्यमिक वयाच्या दहा वर्गांवर हे पाहिलं गेलं. ज्या वर्गांत शिक्षकांनी हे केलं तिथे अभ्यासात गुंतलेला वेळ २० टक्के अंकांनी वाढला आणि व्यत्यय ९ टक्के अंकांनी घटला. वर्ग थोडे होते हे खरं, पण करून पाहायला खर्च काहीच नाही. समितीतल्या शिक्षकांनी दोन आठवडे करून पाहावं आणि काय झालं ते स्टाफरूममध्ये आपल्या तोंडाने सांगावं.

आता तुमचा तो गणिताचा मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण त्या ओळीत बरंच आहे. तो सगळ्या तासांना बाहेर जात नाही, गणितालाच जातो. वर्गाबाहेर काढणं ही त्याला शिक्षा आहे असं आपण धरून चाललो आहोत. त्याला विचाराल तर ती सुटका असू शकते. वागण्यातून माणूस बहुधा काहीतरी मिळवतो किंवा काहीतरी टाळतो. लक्ष, वस्तू, मजा मिळवायची असते. अवघड काम, फजिती, एखादा माणूस टाळायचा असतो. गणिताच्या शिक्षकांना चार-पाच प्रसंग नोंदवायला सांगा. ठिणगी कधी पडते? एकट्याने गणितं सोडवायला दिली की? फळ्यापाशी बोलावलं की? की मित्र शेजारी बसला असेल तेव्हाच? नंतर काय होतं? एकट्याने सोडवायच्या वेळीच तो बिघडत असेल, तर त्याला ते येत नाही हे लपवायची त्याने शोधलेली वाट ती आहे. 'मठ्ठ' ठरण्यापेक्षा 'वाह्यात' ठरणं या वयात परवडतं.

तसं असेल तर त्याला बाहेर पाठवणं आजपासून बंद करा, कारण आपणच त्याला हवं ते देतो आहोत. कुठपर्यंतचं गणित येतं ते शांतपणे तपासा. गाडी बहुधा दोन-तीन इयत्ता मागच्या अपूर्णांकांपाशी अडकलेली असते. वर्गात त्याला आधी करता येण्यासारखी दोन उदाहरणं द्या, मग एक नवं. फळ्यावर बोलावणार असाल तर आदल्या दिवशी प्रश्न सांगून ठेवा. आणि बोभाटा न करता मदत मागायची एक खूण ठरवा, वहीवर पेन आडवं ठेवलं की शिक्षकांनी त्याच्या बाकापाशी जायचं. तरीही बिघडलंच तर काम माफ होत नाही, ते त्याच दिवशी कुणासोबत तरी बसून पूर्ण करायचं. तीन आठवडे हे करून आकडे पाहा. फरक पडला नाही तर आपला अंदाज चुकला, कारण दुसरं शोधायचं. मुलगा हट्टी आहे असा शेरा मारून थांबायचं नाही.

अशा मुलांसाठी शाळा सर्रास 'चेक-इन, चेक-आउट' वापरतात. सकाळी ठरलेल्या एका मोठ्या माणसाला भेटायचं, दिवसाचं कार्ड घ्यायचं, प्रत्येक तासानंतर शिक्षक दोन-तीन उद्दिष्टांवर गुण देतात, संध्याकाळी पुन्हा भेटायचं, कार्ड घरी दाखवायचं. पद्धत चांगली आहे, पण ती मोठ्यांचं लक्ष हवं असलेल्या मुलांना जास्त लागू पडते. काम टाळणाऱ्या मुलाला नुसतं कार्ड दिलंत तर तो कार्डही टाळेल. त्याच्या बाबतीत सकाळच्या भेटीत अभ्यासाची मदत जोडावी लागते. आणि हायस्कूलमध्ये कार्ड गळ्यात मिरवण्यासारखं नको. ते डायरीच्या एका पानावर किंवा फोनवर असावं, आणि आधी मुलाने स्वतःला गुण द्यावेत, मग शिक्षकांनी.

व्यवस्थापन तुम्हाला विचारेल, निकाल कधी? त्यांना एका वर्षाचं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात ३७ शाळांपैकी योजना कुठे राबवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवून तुलना करणारा मोठा अभ्यास झाला, त्यात ही योजना राबवणाऱ्या शाळांत तक्रारी आणि निलंबनं कमी झाली. पण त्या प्राथमिक शाळा होत्या. हायस्कूलवरचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे आणि तिथे रुळायला वेळही जास्त लागतो. तीन वर्षं मागा. पहिल्या वर्षी मुलांचे आकडे न दाखवता आपण ठरवलेलं खरंच करतो आहोत का याचे आकडे दाखवा. अमुक वर्गांत ठरलेली व्याख्या वापरली जाते का, दहा मुलांना वाटेत थांबवून विचारलं तर किती जणांना अपेक्षा सांगता येतात, मागच्या पंधरवड्यात कुणी त्यांच्या चांगल्या वागण्याची दखल घेतली होती का. सुरुवातीला तक्रारी वाढल्यासारख्या दिसतील, कारण आजवर नोंद न होणाऱ्या गोष्टी नोंदल्या जातील. हे व्यवस्थापनाला आधीच लेखी कळवून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात योजना गुंडाळली जाईल.

पालकांना सुरुवातीला फार समजावू नका. पाच ओळींचं पत्र पुरे: शाळेच्या अपेक्षा काय, वर्गात काय मिटवलं जाईल, घरी कधी कळवलं जाईल, शिक्षा कोणत्या गोष्टींना होईल, आणि शंका असेल तर कुणाला फोन करायचा. योजनेचं नाव पत्रात नसलं तरी चालेल. आणि प्रत्येक वर्गशिक्षकाला आठवड्यातून दोन फोन करायला सांगा, ज्यात तक्रार नसेल, मुलाने केलेली एक नेमकी चांगली गोष्ट असेल. सुरुवात त्या घरांपासून करा जिथे शाळेचा फोन आला की आधी 'आता काय केलं त्याने?' असंच विचारलं जातं. गणिताच्या मुलाच्या घरी पहिला फोन त्याने मदतीची खूण वापरली त्या दिवशी जावा, आणि तो गणिताच्या शिक्षकांनीच करावा.